विसरणाऱ्यालाच विचारून काय कळणार?

आशाताई घरोघर जाऊन सीबॅक फॉर्म भरतात. ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा. त्यात साठीपुढच्यांसाठी काही वेगळे प्रश्न आहेत, त्यातला एक असा: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

आता सांगा, कोणते आजोबा "हो, विसरतो" म्हणतील? एक तर कमीपणा वाटतो, आणि दुसरं म्हणजे विसरल्याचंच लक्षात नसतं. शिवाय पत्ता विसरायची वेळ येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

हा प्रश्न घरातल्या माणसाला, बाजूला घेऊन विचारायला हवा. ही काही माझी कल्पना नाही. ऑस्ट्रेलियात जॉर्म आणि जेकोम्ब या संशोधकांनी १९८९ मध्येच नातेवाइकांसाठी २६ प्रश्नांची यादी केली, पुढे तिची १६ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने हे आता कसे आहेत, एवढंच विचारायचं. वस्तू कुठे ठेवली ते आठवतं का, पैशांचा व्यवहार जमतो का, नवीन यंत्र वापरायला शिकतात का.

आपल्याकडे तर हे जास्त लागू पडतं. नेहमीच्या चाचणीत शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा असं सांगतात. शाळेची पायरी न चढलेली मावळातली आजी ठणठणीत असूनही त्यात नापास होते. निवृत्त मास्तर मात्र पास होतात, भले घरी पेपरवाल्याला दोनदा बिल देत असोत! नातेवाइकाच्या प्रश्नांत माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

२०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे साठीपुढच्या शंभरात साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. त्या अभ्यासातही घरच्यांची मुलाखत घेतली होती.

पण घरच्यांपैकी कोणाला विचारायचं? तळेगावात स्टेशन भागात काय, गावात काय, मुलगा सकाळच्या लोकलने नाहीतर हिंजवडीच्या बसने जातो. दुसरा परदेशात. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा दहा मिनिटं छान बोलतात, मग निष्कर्ष निघतो, "वय झालंय, बाकी मस्त." दिवसभर घरात असते ती सून. गॅस चालू राहिला, औषध दोनदा घेतलं, हे तिला माहीत. दवाखान्यात मात्र बोलतो मुलगा, आणि ती मागे पिशवी घेऊन उभी.

उलट बाजूही आहे. सांगणारा स्वतः थकलेला, खचलेला असेल तर त्याला सगळंच बिघडलेलं दिसतं. आणि आपल्या तालुक्यात जमिनीचे भाव काय झालेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. "म्हाताऱ्याला काही कळत नाही" हे वाक्य कधी काळजीपोटी येतं, कधी सातबाऱ्यापोटी. म्हणून शक्यतो दोघांना विचारावं, आणि त्या उत्तरांवर कुणाला वेडं ठरवू नये. ही फक्त चाळणी आहे, निदान डॉक्टरांनीच करायचं. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, एखादं औषध यांनीही विसराळूपणा येतो, आणि त्यावर उपचार आहेत. ऐकू कमी येत असलं तरी माणूस विसराळू वाटतो.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यांना अजून सोळा प्रश्न नकोत. नगरपरिषदेने आणि तालुका आरोग्य विभागाने ज्येष्ठांच्या तपासणी शिबिरात एक खुर्ची सोबत आलेल्या माणसासाठी ठेवावी. आणि तोपर्यंत तुम्ही आई-वडिलांना दाखवायला नेणार असाल, तर काय बदललं आणि कधीपासून, हे सुनेला किंवा कामाच्या मावशींना विचारून कागदावर लिहून न्या. चालू औषधांच्या पट्ट्याही सोबत घ्या.