खाऱ्या पाण्यासाठी चाळणी

भांडुप-मुलुंडची मिठागरे मी लहानपणापासून लोकलच्या खिडकीतून पाहत आलो. भरतीचे पाणी अडवायचे, उन्हाच्या हवाली करायचे आणि ते उडून गेले की मीठ ओढायचे. चिलीच्या आटाकामा वाळवंटात लिथियमही जवळजवळ याच रीतीने काढतात, हे वाचून मला आधी मौज वाटली. पुढचे वाचल्यावर ती ओसरली.

तिथे जमिनीखालचे खारे पाणी उपसून विस्तीर्ण तळ्यांत भरतात आणि वर्ष-दीड वर्ष आटवतात. त्यात लिथियम लिटरमागे जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे काहीही वाया गेले नाही असे धरले, तरी किलोभर लिथियमसाठी सहाशे-सातशे लिटर पाणी आकाशात सोडायचे. तेही जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एकात! खारे पाणी उपसता उपसता काठचे गोडे पाणीही खोल जाईल, ही तिथल्या लिकान अंताय आदिवासींची धास्ती. आपल्या मोबाइलची आणि विजेवरच्या स्कूटरची बॅटरी लिथियमवरच चालते, म्हणून ही गोष्ट आपल्या घरापर्यंत पोचते.

मग पाणी न आटवता त्यातले नेमके लिथियमच उचलता येईल का? मँगनीज ऑक्साइडचा इलेक्ट्रोड वापरून जपानी संशोधकांनी १९९३ सालीच ही वाट दाखवली. आज जास्त चर्चा आहे ती आयर्न फॉस्फेटची. या पदार्थाच्या स्फटिकात लिथियमच्या मापाचे बोगदे असतात. त्याचा इलेक्ट्रोड खाऱ्या पाण्यात बुडवून वीज दिली की लिथियम आत शिरते. मग स्वच्छ पाण्यात प्रवाह उलटा केला की ते बाहेर येते. सोडियम आकाराने मोठे, त्याला आत अवघडते. मॅग्नेशियम लिथियमएवढेच; पण त्याच्यावर दुप्पट विद्युतभार असल्याने ते पाण्याचे रेणू घट्ट कवटाळून बसते आणि दाराशीच अडखळते.

खरी परीक्षा समुद्राच्या पाण्यात. तिथे लिथियमच्या एका अणूमागे सोडियमचे सुमारे अठरा हजार! घाईने वीज दिली, तर दाराशी लिथियम वेळेवर पोचत नाही आणि गर्दीतले सोडियम आत घुसते. चाँग लिऊ आणि स्टॅनफर्डचे यी कुई यांच्या गटाने २०२० साली यावर तोड काढली. इलेक्ट्रोडवर टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ लेप दिला आणि वीज सलग न देता ठोक्याठोक्याने दिली. समुद्राच्या पाण्यातून लिथियम आणि सोडियम जवळजवळ समसमान हाती आले. अठरा हजारांस एकवरून एकास एक, ही मजल लहान नव्हे.

पण ते प्रयोगशाळेतले दहा फेरे होते. कारखान्यात हजारो फेरे टिकायला हवेत. धुण्यासाठी गोडे पाणी लागणारच. कित्येक प्रयोगांत दुसरा इलेक्ट्रोड चांदीचा असतो, त्याचा खर्च वेगळा. म्हणून चाळणी सापडली म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, असे समजण्यात अर्थ नाही. तरीही लिथियम काढलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याची शक्यता तळ्यांच्या पद्धतीत नाही, ती या पद्धतीत आहे. मला हेच मोलाचे वाटते.

आपल्याला यावर नुसते दुरून बोलता येणार नाही. 'काबिल' या भारत सरकारच्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातल्या काटामार्का प्रांतात लिथियमचे पाच पट्टे शोधकामासाठी मिळवले. त्याच प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनच महिन्यांनी लोस पातोस नदीच्या खोऱ्यातले लिथियमचे नवे परवाने रोखले. एकत्रित परिणाम आधी तपासा, असे बजावले. आपले पट्टे त्या खोऱ्यात नाहीत, पण इशारा आपल्यालाही आहे. टँकरची वाट पाहणारी गावे ज्या देशात आहेत, त्याने परमुलखातले पाणी उपसताना चाळणी वापरायची की तळी खोदायची, हा निर्णय केवळ भाव पाहून घेऊ नये. स्वस्त बॅटरीची किंमत कोणाच्या तरी विहिरीने चुकती केलेली असू शकते.