देवणीचा डीएनए उदगीरलाच वाचावा

डीएनएमधून वीज वाहते का, यावर शास्त्रज्ञांचा वाद तीसेक वर्षे चालला. कुणाच्या प्रयोगात तो वाहक निघाला, कुणाच्या अर्धवाहक, तर कुणाच्या चक्क रोधक. त्याच्या तारा करून संगणक जोडण्याचे स्वप्न अजून प्रयोगशाळेतच आहे. वीज कामाला आली ती डीएनए वाचायला, आणि तिथे त्याचा उपयोग होतो तो अडथळा म्हणून. डीएनएवर ऋण प्रभार असल्याने व्होल्टेज लावले की त्याचा धागा धन बाजूकडे ओढला जातो. वाटेत प्रथिनाचे सूक्ष्म छिद्र असते, त्यातून क्षारद्रावणातले आयन वाहत असतात. धागा शिरला की हा प्रवाह घटतो, आणि किती घटतो यावरून छिद्रात कोणती अक्षरे आहेत ते कळते. 1996 मध्ये या कल्पनेचा पहिला ठोस पुरावा मिळाला. 2014 पासून मुठीत मावणारे, लॅपटॉपला जोडायचे यंत्र संशोधकांच्या हाती आहे.

असे यंत्र उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात देवणी गोवंशासाठी राबवावे. वानेरा, बाळंक्या, शेवरा हे देवणीचे प्रकार आपण अजून रंगावरून आणि ठिपक्यांवरून ओळखतो. 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीमला गाईंचा डीएनए तपासणाऱ्या ‘गौचिप’चे लोकार्पण झाले, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. चिप आधी ठरवलेल्या जागाच तपासते. फक्त देवणीत असलेला बदल त्या यादीत नसेल तर तो सुटणारच. विजेने लांबलचक धागे सलग वाचता येतात, त्यामुळे मोठे तुकडे गळाले किंवा वाढले तरी दिसतात. या वाचनात चुका होतात, हे खरे. एकच भाग अनेकदा वाचून बऱ्याच गाळता येतात, तरी एकाच अक्षराची लांब रांग आली की यंत्र अडखळते. म्हणून चिप टाकून द्यायची नाही, दोन्ही ताडून पाहायचे.

खरा आक्षेप गोठ्यातून येतो: कडबा महागला, ट्रॅक्टरने बैलाचे काम नेले, जनुके घेऊन काय करू? पण कृत्रिम रेतनात एका वळूचा वंश शेकडो गोठ्यांत जातो. जनुके न पाहता केलेली वळूची निवड चुकली तर ते त्याची कालवड व्यायल्यावर, काही वर्षांनी कळते, आणि तोवर चारा शेतकऱ्याचाच गेलेला असतो. मात्र कोणत्या गाईने किती दूध दिले, कोणता बैल औताला कसा चालला, याची नोंद नसेल तर वाचलेली अक्षरे निरर्थक आहेत. त्यामुळे निधीचा मोठा वाटा यंत्राला नव्हे, देवणी तालुक्यातल्या गोठ्यांत महिन्याकाठी दूध मोजणाऱ्या माणसाला मिळावा. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतोच. त्या क्रमांकापुढे दुधाचा आकडा लिहायला नवा शोध लागत नाही.