रेडिओ स्टेशनची किल्ली कोणाच्या खिशात?

लखनौच्या गोमती नगरात माझी ताई राहते. तिथल्या वसाहतींची नावं बहुतेक ‘वि’वरून. विनय खंड, विपुल खंड, विराम खंड, विभूती खंड. नवखा माणूस हमखास चुकतो. मीही दोनदा भलत्याच खंडात रिक्षा नेली आहे. ताईचा मुलगा एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रात काम करतो. केंद्र गोमती नदीच्या पलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि भाचा घरात अडकला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, “मामा, रेडिओ आता मी घरातून चालवतोय!” मला वाटलं, थट्टा करतोय.

रेडिओ स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजून काचेमागचा निवेदक आणि फिरणारी तबकडी येते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एक संगणक दिवसभराची गाणी, जाहिराती, वेळेच्या घोषणा एकामागून एक वाजवत असतो. माणूस लागतो तो यादी लावायला आणि काही अडलं तर सोडवायला. आपल्याकडे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रं काढायची मुभा मिळाली. १०० वॉटची मर्यादा, साधारण १० किलोमीटरचा टापू. साताऱ्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ त्यातलंच. अशा केंद्रांकडे रात्रपाळीला माणूस ठेवण्याएवढा पैसा कुठला? तेव्हा घरूनच संगणक हाताळायची सोय त्यांना वरदान वाटते, आणि ती आहेही.

पण भाच्याची पहिलीच रात्र फजितीची गेली. त्यानं विंडोजमधलाच ‘रिमोट डेस्कटॉप’ वापरला. केंद्रावरचा पडदा लॅपटॉपवर दिसू लागला, गाणं छान ऐकू येऊ लागलं. पोरगं खूश. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई ओरडली, “अरे, तुझा रेडिओ मुका झालाय!”

झालं होतं असं, की ही सोय पडद्याबरोबर आवाजही जोडणाऱ्याकडे वळवते. जे गाणं ट्रान्समीटरकडे जायला हवं होतं ते भाच्याच्या खोलीत वाजत होतं आणि ओट्यावरच्या रेडिओत नुसती शांतता. ‘आवाज दूरच्या संगणकावरच राहू द्या’ असा एक पर्याय जोडण्याआधी निवडायचा असतो, तो त्यानं पाहिलाच नव्हता. टापूतल्या सगळ्या श्रोत्यांच्या वाट्याला ११ मिनिटं शांतता आली.

ही चूक निदान कानाला कळली. दुसरी महिनाभर कोणाला कळलीच नाही. घाईत त्यानं केंद्राच्या राउटरमध्ये बाहेरून थेट संगणकापर्यंत येणारी वाट उघडून ठेवली होती आणि पासवर्ड होता केंद्राचं नाव, पुढे १२३. एकदा सहज त्यानं नोंदवही उघडली, म्हणजे संगणक स्वतः ठेवतो ती. रोज शेकडो वेळा कोणीतरी चुकीचा पासवर्ड घालून पाहत होतं! यात त्याच्यावर कोणाचा वैयक्तिक डूख नव्हता. इंटरनेटवर असे कार्यक्रम अहोरात्र फिरत असतात, जे प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतात. दार कोणाचं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

दार उघडलं तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. एप्रिल २०१६ मध्ये कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिज आणि टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन इथल्या रेडिओ केंद्रांवरून भरदिवसा अश्लील बडबड ऐकू येऊ लागली. स्टुडिओतून ट्रान्समीटरकडे आवाज पोहोचवणारी छोटी पेटी इंटरनेटवर उघडी होती. घुसणाऱ्यांनी आत शिरल्यावर पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलण्याचं. त्यामुळे मालकच बाहेर! शेवटी माणसाला प्रत्यक्ष ट्रान्समीटरपाशी जाऊन पेटी ताब्यात घ्यावी लागली. हे इतकं जुनं झालं तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाला अशाच प्रकारांबद्दल पुन्हा इशारा द्यावा लागला. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणं म्हणजे नवं कुलूप लावून किल्ली दुकानातच विसरण्यासारखं, पण लोक विसरतात.

भाच्यानं मग उघडी वाट बंद केली आणि ‘व्हीपीएन’ बसवलं. हा आपल्या दोन संगणकांमधला खाजगी बोगदा समजा. बाहेरच्याला आत काय चाललंय ते दिसत नाही. बोगद्याची किल्ली प्रत्येकाची वेगळी. कोणी नोकरी सोडली की त्याची तेवढी रद्द करायची. शिवाय मोबाइलवर येणारा बदलता आकडा घातल्याखेरीज प्रवेश नाही. गाणी वाजवणाऱ्या संगणकावर मेल बघणं, सिनेमाची तिकिटं काढणं बंद. निवेदकांचे पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकात तपासायचे. यावर म्हणे सर्वांत मोठं भांडण झालं, आणि मला ते अगदी पटतं; आपल्या घरीही पोरांना नेमकं हेच सांगताना नाकी नऊ येतात.

आपल्या घराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दुरून संगणक किंवा मोबाइल हाताळायचं ॲप हे काही रेडिओवाल्यांपुरतं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ‘एनीडेस्क’चं नाव घेऊन सावध केलं होतं. ॲप वाईट नाही, पण ठग ते फोनवर घ्यायला लावतात, त्यात दिसणारा आकडा विचारतात आणि मग तुमच्या खात्यातले पैसे तुमच्याच मोबाइलवरून काढतात. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यानं असं काही घ्यायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

भाच्याच्या केंद्रात आता आणखी एक यंत्र आहे. ठरावीक वेळ आवाज आला नाही की ते राखीव गाणी सुरू करतं आणि त्याच्या मोबाइलवर घंटी वाजवतं. पण इंटरनेटच गेलं तर? वीज गेली आणि संगणक अर्धवट उठला तर? तेव्हा घरून काही करता येत नाही. म्हणून केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या पहारेकऱ्याकडे खोलीची किल्ली आहे आणि भिंतीवर हिंदीत मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय : आधी कोणतं बटण, मग कोणतं, आणि कोणाला फोन. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा भाच्यानं तो कौतुकानं दाखवला. त्यावर पहिला नंबर त्याचा आहे, दुसरा ताईचा.