सांध्यावर अडलेली इंग्रजी

पुण्याहून किंवा मुंबईहून विमानाने जयपूरला निघालेला मराठी प्रवासी उतरतो तो खरे तर सांगानेरमध्ये. जयपूर शहराच्या दक्षिणेला असलेले हे गाव ठप्प्यांच्या छपाईसाठी आणि हातकागदासाठी प्रसिद्ध आहे, आणि जयपूरचा विमानतळही इथेच आहे. विमानतळ म्हटला की इंग्रजीतले एक छोटे शब्दखंड हमखास भेटते : ‘फ्लाइट्स टू अँड फ्रॉम जयपूर’. हे मराठीत सांगायला जावे तर वाक्य लगेच लांबते. ‘जयपूरला जाणारी आणि जयपूरहून येणारी विमाने.’ गावाचे नाव दोनदा घ्यावे लागते, कारण ‘ला’ आणि ‘हून’ हे प्रत्यय एकटे उभे राहू शकत नाहीत. ‘जयपूरला आणि हून’ असे मराठीत कुणीही म्हणत नाही.

पण औषधाच्या बाटलीवरचे ‘जेवणापूर्वी व नंतर’ कुणालाही खटकत नाही. तिथे ‘नंतर’ बिनधास्त एकटा उभा आहे. ‘घराच्या आत आणि बाहेर’, ‘टेबलावर व खाली’ हेही चालते. म्हणजे मराठीत काही जोडशब्द नामाला घट्ट चिकटलेले आहेत, तर काही मोकळे होऊन ‘व’, ‘आणि’, ‘किंवा’ यांच्याबरोबर फिरतात. इंग्रजीत त्यांच्या जागचे शब्द नामाच्या आधी येतात आणि बहुतेक सगळेच मोकळे असतात, म्हणून ‘विथ ऑर विदाउट’, ‘बिफोर अँड आफ्टर’, ‘टू अँड फ्रॉम’ अशा जोड्या तिथे सहज जमतात. हा फरक मराठी मुलाला शाळेत कुणी समजावून सांगितला, असे फारसे ऐकू येत नाही.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते जून २००० मध्ये. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत. त्यांच्याकडे इंग्रजी शब्द भरपूर आहेत. मोबाइलवर, कार्यालयात, बँकेत ते रोज वापरले जातात. अडते ते दोन शब्दांच्या, दोन वाक्यांच्या सांध्यावर. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.’ ‘वेट अन्टिल आय डोन्ट कम.’ ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ ‘ही इज अँग्री ऑन मी.’ ही वाक्ये म्हणणाऱ्याला हसणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यामागचे कारण सांगणारे फार थोडे असतात, आणि दुखणे तिथेच आहे.

कारण या प्रत्येक चुकीत मराठी अगदी नीट ऐकू येते. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यावाच लागतो. एकाला सोडून दुसरा लंगडा वाटतो. त्या जोडीशी प्रामाणिक राहणारा मुलगा ‘ऑल्दो’च्या पुढे ‘बट’ ठेवतो. ‘जोपर्यंत मी येत नाही, तोपर्यंत थांब’ या वाक्यातला ‘नाही’ मराठीला हवाच असतो, तो तसाच ‘अन्टिल’च्या मागे जाऊन बसतो. ‘माझ्यावर’ रागावला म्हणून ‘ऑन मी’. आणि ‘पासून’ तर फारच उदार शब्द आहे. ‘२०१५ पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्हींत तोच चालतो. इंग्रजीने मात्र तिथे दोन खाती पाडली आहेत : सुरुवात कुठून झाली ते सांगायला ‘सिन्स’, किती काळ लोटला ते सांगायला ‘फॉर’. ही एवढी गोष्ट पाच मिनिटांत फळ्यावर दाखवता येते.

उत्तर भारतातही हेच घडते. सांगानेरच्या बाजारात हिंदीतून विचार करणारा विक्रेता ‘जब तक मैं न आऊँ’ मनात धरून इंग्रजी बोलला, तर त्याच्याही वाक्यात तो जास्तीचा नकार येतो. या भाषा एकमेकींच्या किती जवळच्या आहेत हे त्यांच्या सांध्यांतूनच कळते. राजस्थानीतही ‘परंतु’ या अर्थी ‘पण’ आहे, थेट आपल्यासारखाच. जयपूरच्या परिसरातल्या ढूंढाडीत ‘आणि’ला ‘अर’ म्हणतात, आणि ‘त्यांच्यामधून’ म्हणायचे असले की ‘मैं’ आणि ‘सूं’ हे दोन शब्द एकापुढे एक ठेवतात. मराठीने तेच काम ‘मध’ आणि ‘ऊन’ एकत्र वितळवून ‘मधून’मध्ये केले. इंग्रजीत ‘फ्रॉम अमंग’, ‘फ्रॉम अंडर’ हे त्याच जातीचे जोड. खालून, वरून, आतून हे रोजचे शब्द म्हणजे दोन जोडशब्दांचे एकेक जोड आहेत, हे मराठी मुलाला कळले तर ‘फ्रॉम अंडर द टेबल’ त्याला पाठ करावे लागणार नाही.

अशी तुलना करण्याची सोय जुनी आहे. जयपूर संस्थानातल्या बोलींचे नमुने रेव्हरंड मॅकॅलिस्टर यांनी १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुढे ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ मध्ये आणि राजस्थानी-गुजरातीचा १९०८ मध्ये आला. बायबलमधली उधळ्या मुलाची तीच एक कथा त्यांनी भाषाभाषांतून लिहवून घेतली होती. गोष्ट तीच असल्यामुळे वाचणाऱ्याची नजर आपोआप सांध्यांवर जाते : इथे ‘आणि’ कुठे आला, तिथे ‘नंतर’ कसा जोडला.

आता खुद्द इंग्रजीकडे पाहावे. शाळेत ‘प्रेपोझिशन’ एका धड्यात आणि ‘कंजंक्शन’ दुसऱ्या धड्यात येते; मराठी पुस्तकात शब्दयोगी अव्यय आणि उभयान्वयी अव्यय अशीच दोन घरे असतात. पण ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’, ‘अन्टिल’ हे शब्द दोन्ही घरांत राहतात. ‘आफ्टर लंच’मध्ये पुढे नाम आहे, ‘आफ्टर वी एट’मध्ये पुढे अख्खे वाक्य. ‘बट’चेही तसेच. ‘ऑल बट वन’ म्हणजे ‘एक सोडून सगळे’, आणि ‘बाहेर’ हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ होता. विरोध दाखवणारा ‘पण’ त्यातून पुढे घडला. ‘बिकॉज’ची कथा तर या विषयाचा गाभाच आहे. ‘बाय’ हा जोडशब्द आणि ‘कॉज’ हे नाम मिळून ‘बाय कॉज’ झाले, म्हणजे ‘कारणाने’. त्याच्या मागे ‘ऑफ’ आला की नाम जोडायचे, ‘दॅट’ आला की वाक्य. कालांतराने ‘दॅट’ गळला आणि उरला तो आजचा ‘बिकॉज’. आता तर नुसते नाम पुढे ठेवून ‘बिकॉज ट्रॅफिक’ म्हणणारी पिढी आली आहे. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ चा वर्षाचा शब्द म्हणून ‘बिकॉज’चीच निवड केली, ती याच नव्या वापरासाठी.

डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्येच सांगितले होते की या शब्दांची अशी वेगवेगळी घरे करण्यात फारसा अर्थ नाही. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘बिकॉज’ यांना सरळ एकाच वर्गात बसवले. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे १९११ चे. या मोठ्या कामांविषयी आदरच आहे. पण वर्गापर्यंत पोहोचताना त्यांतले विवेचन गळून जाते आणि मुलापुढे उरतात नुसती नावांची पाटी आणि रिकाम्या जागा.

रिकाम्या जागा भरा : हा स्वाध्यायप्रकार या बाबतीत अपुरा आहे, हे स्पष्टपणे म्हणायला हवे. त्यात शब्द कळतो, त्याच्या दोन्ही बाजूंचा सांधा कळत नाही. मुलगा ‘बिकॉज ऑफ’ बरोबर निवडतो आणि घरी येऊन ‘बिकॉज ऑफ इट रेन्ड’ म्हणतो. त्याचे कारण मराठीचा ‘मुळे’. ‘पावसामुळे’ आणि ‘पाऊस पडल्यामुळे’ या दोन्हींत तोच एक शब्द आहे, म्हणून इंग्रजीतही एकच असेल असे तो गृहीत धरतो. चूक विचारातून आली आहे. तिला विचारानेच उत्तर द्यायला हवे.

ते उत्तर मराठीच्या हाताशी आहे. ‘जेवणापूर्वी’, ‘जेवण्यापूर्वी’, ‘आम्ही जेवण्यापूर्वी’ हे तीन प्रयोग फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. ‘पूर्वी’ तिन्हींत तोच. मागचा भाग मात्र आधी नाम, मग क्रियापदापासून झालेले नाम, आणि शेवटी कर्त्यासह पूर्ण क्रिया. शेजारी ‘बिफोर लंच’, ‘बिफोर ईटिंग’, ‘बिफोर वी ईट’ लिहिले की मुलाला दिसते, इंग्रजीही हेच करते आहे, फक्त जोडशब्द आधी ठेवून. मग ‘मुळे’ घ्यावा आणि तिथे इंग्रजी दोन वाटा कशा करते ते दाखवावे. मग ‘पर्यंत’ : ‘पुण्यापर्यंत’ आणि ‘तो येईपर्यंत’. या दुसऱ्या वाक्यात मराठीलाही नकार लागत नाही. ‘वेट अन्टिल ही कम्स’ला आपल्या भाषेत आधीपासून जोडीदार आहे, फक्त शिकवताना ‘जोपर्यंत नाही’ऐवजी ‘येईपर्यंत’ पुढे करायला हवा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना दोन भाषा शेजारी ठेवण्याची सवय होती. वर्गात मराठीचा शब्द निघाला की इंग्रजी बिघडते, या समजुतीने ती सवय मोडली, आणि त्यात मुलांचे नुकसान झाले.

सांगानेरच्या छपाईत रेषेचा ठप्पा ‘रेख’, भरणीचा ‘दत्ता’ आणि पार्श्वभूमीचा ‘गद’. प्रत्येक रंगाला आपला ठप्पा. कारागीर एक छाप मारतो, पुढचा ठप्पा उचलतो आणि त्याच्या कडेची खूण आधीच्या छापाला भिडवून मगच मूठ मारतो. खूण किंचित चुकली तर फूल बिघडत नाही, वेल मात्र तुटते, आणि ती तूट साडीभर दिसत राहते. एकच किनारीचा ठप्पा साडीच्या काठावर चालतो आणि रजईच्या कडेलाही. कापड बदलले म्हणून कारागीर त्याला दुसरे नाव देत नाही. इंग्रजीच्या तासाला ‘आफ्टर’ हा शब्द याच नजरेने हाताळला जावा : आधी ‘जेवणानंतर’, मग ‘आम्ही जेवल्यानंतर’, आणि दोन्हीकडे खूण कुठे भिडते ते बोट ठेवून.