म्हणे जुनी गाडी गळणारच!

जुन्या गाड्यांच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं. "अहो, जुनी गाडी आहे, थोडं ऑइल गळणारच." बोलणारा वर कौतुकाने हसतो, जणू नातवाची खोडीच सांगतोय. एका महाभागाचं तर म्हणणं, की गळतंय म्हणजे इंजिनात ऑइल आहे एवढं तरी कळतं! विनोद म्हणून ठीक आहे हो. पण आमच्या वसई-विरारमध्ये ज्यांच्या अंगणात अजून पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर उभी आहे, त्यातल्या बऱ्याच जणांनी हा विनोद शास्त्र म्हणून स्वीकारलाय. माझं भांडण त्याच्याशी आहे. नातेवाईक मंडळी वाचतायत हे माहीत असूनही लिहितोय.

पद्मिनीचं इंजिन म्हणजे काही गूढ प्रकरण नाही. १०८९ सीसी, चार सिलिंडर. १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आलेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत होती. त्या इंजिनातून ऑइल बाहेर पडायच्या जागा मोजून सांगता येतात. टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, पेट्रोल पंपाचं बूड, ऑइल प्रेशरचा स्विच, ऑइल चेंबर, त्याचं बूच आणि क्रँकशाफ्टची पुढची-मागची टोकं. झालं! गळती यातल्याच कुठल्यातरी जागेतून असते. 'वय झालं' नावाची जागा इंजिनावर कुठेही नाही.

मग गळती सापडत का नाही? कारण आपण थेंब पडतो तिथे बघतो. ऑइल वरून खाली ओघळतं, आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. थेंब गिअरबॉक्सखाली दिसतो आणि उगम असतो वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. आमच्या मामांना एका गॅरेजवाल्याने थेंब बघूनच निकाल दिला होता, "मागचं सील गेलं, इंजिन खाली घ्यावं लागेल." मामी म्हणाल्या, आधी पुसून तरी बघा. पुसलं. टॅपेट कव्हरची कॉर्कची गॅस्केट वाळून पापडासारखी झाली होती. तासाभराचं काम!

हे 'पुसून बघणं' हीच निम्मी विद्या आहे. इंजिन थंड असताना ब्रश आणि थोड्या डिझेलने साफ करायचं, खाली ट्रे ठेवून, म्हणजे घाण अंगणात जात नाही. पूर्ण कोरडं करायचं. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरायची, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि टॉर्च घेऊन बघायचं. सगळ्यात वरची ओली रेघ दिसली की ती आधी दुरुस्त करायची. खालच्या अर्ध्या 'गळत्या' त्यातच नाहीशा होतात.

आणि ब्रीदर! त्याच्याकडे कुणी बघतच नाही. रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला धूर खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जायची नळी काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. कुकरची शिट्टी अडकली की झाकणाच्या कडेने वाफ येते, तसंच. अशा वेळी नवीन गॅस्केट बसवून वर गॅस्केटलाच शिव्या घालणारे पाहिलेत मी. अरे, शिट्टी साफ करा आधी!

आता उपायांच्या नावाखाली काय चालतं ते ऐका. पहिला उपाय, अजून आवळा. चेंबरचा पत्रा बोल्टपाशी वाकतो, दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते आणि गळती वाढते. मग अजून आवळतात, शेवटी आटे जातात. खरं तर वाकलेली कड लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून सपाट करायची, आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, कॉर्क दबेपर्यंतच आवळायचे. दुसरा उपाय, सिलिकॉनचं सोल्यूशन केकवरच्या क्रीमसारखं थापा. बाहेर दिसतं तेवढंच आतही जातं. तिथे तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला, तर गळती बंद आणि बेअरिंगही बंद! तिसरा उपाय, जाड ऑइल. म्हणजे रोग तसाच ठेवून थर्मामीटर फोडायचा.

"पार्ट मिळत नाहीत हो," हे उत्तर तयारच असतं. काही मिळत नाहीत, कबूल. पण ऑइल सील मापावर मिळतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बहुतेक वेळा जुन्या सीलवर आकडे छापलेलेच असतात. कॉर्कचा आणि गॅस्केट पेपरचा तुकडा जुन्या मापाने घरीही कापता येतो. आणि ज्या वसई पूर्वेला गाळ्या-गाळ्यांतून लेथ फिरतात, तिथे राहून आपण 'मिळत नाही' म्हणायचं?

एक मात्र मान्य. ओल आणि थेंब यात फरक आहे. जोडावर नुसती ओल असेल तर कुणी इंजिन उतरवू नये. मागचं सील बदलायला खरंच मोठं काम निघतं, ते क्लचच्या कामाबरोबर करावं. पण रोज फरशीवर थेंब पडतोय आणि त्याखाली पुठ्ठा सरकवून आपण समाधानी आहोत, याला काय म्हणावं?

कारण तो थेंब पुठ्ठ्यावर थांबत नाही. वापरलेल्या इंजिन ऑइलची गणना सरकारी नियमांत घातक कचऱ्यात होते. आपल्याकडे अंगणाला लागून विहीर असते, पश्चिम पट्ट्यात अजून काही बावखलं टिकून आहेत. जुलै २०१८ मध्ये वसईत दिवसच्या दिवस पाणी साचलं, तेव्हा अंगणातलं सगळं कुठे गेलं असेल? बावखलं बुजवणाऱ्यांविरुद्ध आपण तावातावाने बोलतो, आणि रविवारी त्यांच्याच काठी गळकी गाडी उभी करून फोटो काढतो!

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. किती हळहळलो आपण! आता ज्या उरल्यात त्या खाजगी, आपल्या. जुन्या गाड्या भंगारात काढा म्हणणाऱ्यांना पुरावा लागतो, आणि तो आपणच रोज रात्री थेंबाथेंबाने फरशीवर लिहून देतोय. वारसा म्हणायचं असेल तर आधी फडकं घ्या, पाना घ्या आणि बॉनेट उघडा.

मामा, रागावला असाल तर फोन करा. टाल्कम पावडर मी घेऊन येतो.