लोकरीचे पैसे दिलेत, हातांचे कोण देणार?

"घरीच तर घेता क्लास, मग एवढी फी कशाला?" हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतं आणि दर वेळी डोक्यात तिडीक जाते. आज ती तिडीक इथे काढतोय. अजिबात हलकं घेऊ नका.

आधी पार्श्वभूमी. माझी मावशी ठाण्यात राहत्या घरी क्रोशाचा क्लास घेते. शनिवारी सकाळची नवशिक्यांची बॅच मी सांभाळतो. सोमवार ते शुक्रवार हापिसात कीबोर्ड बडवायचा आणि विकांताला सुई धरायची, असं चाललंय. मधल्या काळात क्विलिंग झालं, ओरिगामी झाली, मॅक्रमे झालं (बाल्कनीत तीन कुंड्या लटकतायत, पैकी एक तिरकी). टिकला तो क्रोशा.

आता गंमत बघा. मी लोकर घेऊन बसलो की हापिसातली मंडळी म्हणतात, "वॉव, किती क्रिएटिव्ह!" आणि मावशीने तीस वर्षं तेच केलं तर त्याला नाव काय? "वेळ जातो तिचा." च्यायला, तीच सुई, तेच टाके, आणि तिचे माझ्यापेक्षा दहापट सुबक. माझा तो छंद, तिचा तो रिकामा वेळ!

हा "रिकामा वेळ" प्रकार वाटतो तितका निरुपद्रवी नाही. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ होत्या. 1960च्या दशकात त्या पुण्यात जर्मन शिकवायच्या. पुढे त्यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या बायकांचा अभ्यास केला आणि 1982 साली त्यावर पुस्तक आलं, 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर'. तिथल्या बायका घरी बसून क्रोशाची लेस विणायच्या, ती परदेशी बाजारात जायची आणि पैसा व्यापारी-निर्यातदार कमवायचे. बायकांना मजुरी मात्र नाममात्र. का? तर त्या म्हणे कामगार नव्हेतच, त्या गृहिणी, फावल्या वेळात विणतात! एकदा कामाला फावल्या वेळाचा शिक्का मारला की मजुरी पाडायला आणखी कारण लागत नाही. आपल्या सोसायटीत "घरीच तर घेता" म्हणणारे काही निर्यातदार नाहीत, पण शिक्का तोच मारतात.

बरं, आपण इंजिनियर लोक, तर हिशेबच करू. उशीचा एक अभ्रा घ्या. सोळा चौकोन, माझ्या वेगाने प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे आठ तास. चौकोन जोडायला आणि कड विणायला दोन. एकूण दहा तास. लोकर तीनशे रुपयांची. पाचशे सांगितले तर समोरचा म्हणतो, "जरा जास्त होतायत हो." पाचशे वजा तीनशे भागिले दहा. ताशी वीस रुपये! आता तुमच्या प्रोजेक्टचा बिलिंगचा दर आठवा. आणि "टीव्ही बघता बघता होतं की ते" हे तर बोलूच नका. मीटिंगमध्ये आपण गुपचूप क्रिकेटचा स्कोअर बघतो म्हणून कुणी आपला पगार कापत नाही.

"मशीनवर स्वस्तात मिळतं ना पण!" नाही मिळत. दोन सुयांच्या विणकामाचं यंत्र इंग्लंडात विल्यम लीने 1589 मध्येच बनवलं. तिथे टाके ओळीने सुईवर उघडे असतात, यंत्राला ते जमतं. क्रोशात एका वेळी सहसा एकच फास जिवंत असतो आणि पुढची सुई आधीच्या विणीत कुठेही खुपसावी लागते. प्रयोगशाळांत धडपड चालू आहे, पण कारखान्यात धडाधड क्रोशा काढणारं यंत्र आजही नाही. म्हणजे दुकानात अडीचशे रुपयांत खराखुरा क्रोशाचा टॉप दिसला (नुसता तसा दिसणारा मशीनचा नव्हे), तर तो कुणाच्या तरी हातांनी विणलेला असतो. त्या हातांना किती मिळाले असतील, हिशेब वर दिलाय.

दुसरा आवडता बाण: "यूट्यूबवर फुकट आहे की सगळं." आहे ना, मीही तिथूनच सुरुवात केली. पण व्हिडिओत तुम्हाला शिकवणाऱ्याचा हात दिसतो, तुमचा हात त्याला दिसत नाही. नवशिक्याचा चौकोन चार ओळींत त्रिकोण का होतो? कारण प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका तो नकळत सोडतो. मावशी हे टेबलापलीकडून बघून सांगते. दोरा बोटावर किती आवळलाय तेही तिला कळतं. शिवाय अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे, आपला मुका खांब! दोन लायब्ररींत एकाच नावाची दोन वेगळी फंक्शन्स असावीत तसं. कोड रिव्ह्यूला सीनियर माणूस लागतो हे आपल्याला पटतं, मग इथेच फुकट का हवं?

आता क्लासवाल्यांचीही थोडी, नाहीतर म्हणाल घरच्यांचीच तळी उचलतोय. "दोन दिवसांत शिका, तिसऱ्या दिवशी शिकवा, सर्टिफिकेटसह" हा धंदा बंद व्हायला हवा. रेझिनचा असा एक क्लास मी केलाय. खिडक्या बंद, एसी चालू, हातमोजे कुणालाच नाहीत. इपॉक्सीचा हार्डनर त्वचेला लागून ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की सहसा ती कायमची असते, हे शिकवणाऱ्या बाईंना ठाऊकच नव्हतं. असल्या क्लासला खुशाल नावं ठेवा. पण मग धडपणे शिकवणाऱ्याला पूर्ण पैसे द्या की!

मावशीची फी आठ शनिवारांचे दोन हजार आहे. दोन-दोन तास धरा, म्हणजे ताशी सव्वाशे. त्यात सरावाची लोकर, चहा आणि अधूनमधून थालीपीठ. पुढच्या बॅचपासून अडीच हजार होणार. ती नको नको म्हणत होती, "लोक काय म्हणतील रे?" फीचा कागद मीच टाइप करून दारावर लावलाय. घासाघीस करायची असेल तर शनिवारी सकाळी या, दार मीच उघडतो :)