घाई कोणाची, जंगल कोणाचं?



गावोगावी साहेब लोक येऊन सांगून राहिले, "काळ बदलला, लवकर ठरवा, नाहीतर मागे राहाल." बदल होतो हे खरंच आहे. 2006 साली वनहक्क कायदा झाला, 2008 साली नियम आले, 2012 साली तेच नियम बदलले. जंगल दुसऱ्या कामाला द्यायचं तर ग्रामसभेची संमती पाहिजे, असं परिपत्रक 2009 साली दिल्लीहून निघालं. 2013 सालच्या फेब्रुवारीत रस्ते, कालवे, विजेच्या तारा यांना त्यातून बरीच सूट देऊन टाकली. साहेबही बदलतात, गार्डही बदलतो. आपण मात्र इथंच राहतो.

पण आमचा सवाल आहे, ही घाई कोणाची? आपला दावा तालुक्याला गेला की वर्षं-वर्षं फाईल हलत नाही. तेव्हा कोणी म्हणत नाही की काळ बदलला. आपली सही पाहिजे असली की कागद सकाळी येतो आणि संध्याकाळी परत पाहिजे असतो. ही कसली घाई? ज्याला आपण विचार करू नये असं वाटतं, त्याचीच ही घाई!

आम्ही असं म्हणत नाही की सगळंच हळू करा. तेंदूचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, पानं कोणासाठी थांबत नाहीत. भाव काय, फड कुठं लावायचा, हे एका बैठकीत ठरवा. चुकलं तर पुढच्या साली सुधारता येतं. पण जमीन देणं, जंगल देणं, नाहरकतीवर अंगठा देणं हे सुधारता येत नाही. जे परत फिरवता येतं ते पटकन ठरवा. जे परत फिरत नाही त्याला दोन बैठका लागोत की दहा.

आता आपल्या संघटनेबद्दलही बोलू. आम्ही चार शिकलेली पोरं फोनवर ठरवतो आणि गावात येऊन सांगतो, "संघटनेनं ठरवलंय." हे साहेबासारखंच झालं. आमच्याच टोल्यात बाया म्हणत होत्या, आधी सगळ्या गावाच्या जंगलाचा दावा टाका. आम्ही ऐकलं नाही, घरोघरचे फॉर्म आधी भरले. आज भाऊ-भाऊ बांधावरून भांडून राहिले. चूक आमची आहे, ती इथं लिहून देतो.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ठराव होत नाही. लोक म्हणतात, यात वेळ जातो. जातो ना! पण त्याच गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबू आमचा आहे म्हणून ते अडून बसले तेव्हा गाव फुटलं नाही. 2011 साली बांबूचा वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती आला. ओडिशात नियमगिरीचं 2013 सालचं पाहा. सुप्रीम कोर्टानं ग्रामसभांना विचारा म्हटलं. सरकारनं बाराच गावं निवडली. बाराच्या बारा गावांनी खाणीला नाही म्हटलं. मंत्री-साहेब कितीही बदलले तरी गावाचं बोलणं एक राहिलं.

म्हणून गावोगावी एवढं करा:

१. कागद आला त्या दिवशी सही नाही. आधी तो मोठ्यानं वाचायचा, आपल्या बोलीत समजावायचा.
२. गावसभेत निम्मे सभासद पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया, हे नियमातच आहे. दाव्याचा ठराव असेल तर निम्मे दावेदारही पाहिजेत. कोरम नाही तर ठराव नाही.
३. ठराव रजिस्टरमध्ये तिथंच लिहा आणि वाचून दाखवा. कोऱ्या पानावर अंगठा नको.
४. संघटनेचा माणूस "वरून ठरलंय" म्हणाला तर त्यालाही विचारा, वर म्हणजे कुठं?

कायदा उद्या परत बदलेल. बदलू द्या. ठरवायची रीत आपल्या हाती राहिली तर जंगल आपल्या हाती राहील.

लडेंगे, जीतेंगे!